पार्सलची भिंत

१४ जून

धाकटे,

'अनेक उत्तम आशीर्वाद' असं लिहिलं असतं, तर तू म्हणाली असतीस, लागली ही मोठेपणा गाजवायला. म्हणून नुसतंच धाकटे. मोबाइलवर पाठवलेलं तू उघडून बघत नाहीस, तेव्हा म्हटलं, पाकीट तरी फोडावं लागतं. नाही फोडलंस तर टेबलावर पडून राहील आणि येता-जाता तुझ्या डोळ्यांत खुपेल. तेही चालेल मला.

एप्रिलपासून तुझा रविवारचा फोन नाही. आधी वाटलं कामात असशील, मग वाटलं आजारी असशील. शेवटी तुझ्या नवऱ्याला, म्हणजे आपल्या साहेबांना मेसेज टाकला. त्यांचं उत्तर आलं, 'तिलाच विचारा.' माणूस पहिल्यापासून शब्दांचा कंजूष. तर तुलाच विचारते, माझं काय चुकलं? त्या रविवारी आपण नेहमीसारखंच बोललो. तू बोलत होतीस, मी ऐकत होते. फोन तू जरा तडकाफडकी ठेवलास, एवढंच मला आठवतं. मी आपलं डोकं खाजवून खाजवून दमले.

मग मीच का नाही फोन केला, असं विचारशील. माझा फोन बिघडलाय. आवाज नीट येत नाही. दुरुस्तीला टाकायचाय, पण वेळ कुठे मिळतो?

शाळा सुरू झाली. यंदा माझ्याकडे पुन्हा चौथीचा इंग्रजी स्पेलिंगचा तास आहे आणि पहिल्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावून घेतलं. मोठ्या बाई म्हणजे आपली ती लांब वेणीची, जी माझ्या हाताखाली शिकाऊ म्हणून आली होती. आता मुख्याध्यापिका आहे आणि वेणी कापलीय. एका मुलीची आई तक्रार घेऊन आली होती. बाई शिवणकाम करतात, बोलायलाही तशाच, टाका सोडत नाहीत. त्यांचं म्हणणं, मुलीने सायकलचं स्पेलिंग शेवटी 'ए-एल' लावून म्हटलं आणि मी तिला शाब्बास म्हणाले. मी म्हटलं, वर्गातला पंखा फार घरघरतो. मोठ्या बाईंनी पंख्याकडे बघितल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, सहामाहीपर्यंत बघू. मुलांची स्पेलिंगं सुधारली तर प्रश्नच नाही. नाही तर तुम्ही वाचनालय सांभाळा, तिथे कसं शांत असतं.

ते वाचनालय तुला माहीत नाही. जिन्याखाली एक कपाट, दोन खुर्च्या आणि किल्ली शिपायाकडे. तिथे बसवलेल्या माणसाशी दिवसभर कोणी बोलत नाही. मला तिथे जायचं नाहीये, धाकटे. माझं सगळं आयुष्य पोरांच्या गलक्यात गेलंय.

स्पेलिंगचं दुखणं कुठे आहे ते सांगते. टेबल, लेबल, सँडल, कँडल. मोठ्याने म्हणून बघ. शेवटी सगळ्यांचा तोच ल. पण लिहिताना टेबल-कँडलला एल-ई, लेबलला ई-एल आणि सँडलला ए-एल. आपली पोरं बिचारी कान लावून ऐकतात आणि मग जे मनात येईल ते ठोकून देतात. शुद्धलेखन घालताना वर्गभर 'परत सांगा, बाई, परत सांगा' चाललेलं असतं. मी परत सांगते. कितीही वेळा विचारलं तरी सांगते, त्याला माझ्या वर्गात कधीच बंदी नव्हती. बाकीच्या बाया म्हणतात, लाडावून ठेवता तुम्ही. असेल. पण परत सांगूनही उपयोग होत नाही, ही खरी मेख आहे.

उत्तर लिही. रागाचं लिही, पण लिही.

तुझी
मोठी


५ जुलै

धाकटे,

तुझं पत्र आलं. त्याला पत्र म्हणायचं तर म्हणू. 'तुला खरंच कळत नसेल, तर सांगून काही उपयोग नाही.' पाकिटाचा कागद यापेक्षा जास्त लागला असेल.

बुधवारी तुझा फोन येऊन गेला, तो मी उशिरा पाहिला. अंघोळीला गेले होते. बाथरूमचं दार अजून तसंच आहे, बाहेर उघडतं आणि गॅसपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या कोपरावर आदळतं. आता गॅसपाशीही मीच आणि बाथरूममध्येही मीच, त्यामुळे कोणाला लागत नाही. सुतार अप्पांना विचारत होता, दार कुठल्या बाजूला उघडायचं, आणि अप्पा नेहमीसारखे 'हो हो, छान' म्हणाले होते. आठवतं ना? आपण दोघी ओढण्या तोंडात कोंबून हसत होतो.

तर वर्गाचं सांगते, कारण तुझ्या रागाचं मला काही सांगता येत नाही.

मी फर्मान काढलं, की आजपासून माझ्या तासाला कोणी तोंडाने उत्तर द्यायचं नाही. गोंगाट फार होतो. उत्तर हाताने द्यायचं. वर्गाच्या तीन भिंती तीन शेवटांना वाटून टाकल्या. खिडकीची भिंत एल-ईला, कपाटाची ई-एलला, दाराची ए-एलला. चौथीवर फळा आहे, ती माझी. मी शब्द म्हणायचा आणि त्यांनी भिंत दाखवायची. पहिल्या दिवशी सगळे हात एकमेकांचे बघून फिरले. वाऱ्यावर कपडे हलावेत तसे.

म्हणून मग वस्तू आणल्या. खिडकीखाली टेबल होतंच. त्याच्यावर पाण्याची बॉटल ठेवली, एक कँडल ठेवली. बॉटलवरचं लेबल ओलं करून सोलून काढलं आणि समोरच्या कपाटाच्या भिंतीवर चिकटवलं. दारापाशी सँडल काढायला लावले, तिथे एका मुलाने काकांच्या दुकानातून एक जुनं पेडल आणून टांगलं आणि खिडकीला मोडकी सायकल टेकवली. वर्गात यावर मोठा वाद झाला. सायकल एका भिंतीची आणि तिचं पेडल दुसऱ्या भिंतीचं, हा अन्याय आहे, असं काहींचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, अन्याय आहे खरा, पण माझ्याकडे तक्रार करू नका, इंग्रजीकडे करा. त्या दिवसापासून त्या दोन शब्दांत एकही चूक नाही. भांडलेली गोष्ट माणूस विसरत नाही, हे आपल्या दोघींना वेगळं सांगायला नको.

वर्गात एक किडकिडीत मुलगी आहे, तिला सगळे टाचणी म्हणतात. शिवणकाम करणाऱ्या बाईंची लेक, जिच्यावरून तक्रार झाली तीच. ती माझ्या अगदी समोर बसते आणि बोलताना सारखी माझ्या तोंडाकडे बघते. काही सांगायचं असलं की आधी येऊन माझ्या कोपराला हात लावते आणि मगच बोलते. पोरगी गोड आहे.

अडचण एकच, कपाटाची भिंत उघडी पडलीय. ई-एलच्या वस्तूच मिळत नाहीत. एक लेबल आणि एक उंटाचं चित्र, म्हणजे कॅमल. बाकी टनल आणि चॅनल वर्गात कुठून आणू? काही सुचलं तर कळव. रागात असलीस तरी डोकं चालतंच तुझं.

मोठी


२४ जुलै

धाकटे,

तुझं पत्र दुपारी आलं. वाचलं आणि तशीच खुर्चीत बसून राहिले. चहा गार झाला. आता संध्याकाळ झालीय.

तू लिहिलंयस, की त्या रविवारी तू मला सांगितलंस, तुम्ही दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलंय. आणि मी म्हणाले, 'वा, छान.' तू म्हणालीस, ताई, मी गंमत करत नाहीये. आणि मी म्हणाले, 'हो हो, दोघांना माझ्याकडून सांग, आनंद झाला.' तू लिहिलंयस, 'तुला साहेब कधीच आवडले नाहीत हे मला माहीत होतं, पण माझ्या घराचं वाटोळं होताना तुला आनंद होईल असं वाटलं नव्हतं.'

मला ऐकू आलं नव्हतं.

हे एवढं एक वाक्य लिहायला मला सगळी दुपार लागली. मला ऐकू येत नाही, धाकटे. फोन बिघडलेला नाही. वर्गातला पंखा कधी घरघरत नव्हता. बरेच दिवस दिवाणखान्यातल्या गप्पांना, लग्नकार्यांना, शाळेतल्या बैठकांना मी नुसती मान हलवत बसलेय. समोर माणूस असला की ओठांवरून बरंचसं कळतं. फोनवर ओठ नसतात. तू दर रविवारी बोलायचीस आणि मला नुसता तुझ्या आवाजाचा चढउतार लागायचा. आवाज खाली आला की 'हो हो' म्हणायचं, थांबलीस की 'छान' म्हणायचं. तेवढ्यावर आपले रविवार चालले होते. मला ते रविवार हवे होते, म्हणून मी काही बोलले नाही. तू काय सांगतेयस ते कळत नसलं तरी तू आहेस एवढं कळायचं.

त्या दिवशी तू हळू बोलत होतीस. रडत असशील. आणि मी म्हणाले आनंद झाला.

मला तुझा नवरा आवडत नव्हता हे खरंय, ते मी नाकारणार नाही. पण तू हे सांगताना मी तुझ्याजवळ असते, तर तुला कुशीत घेतलं असतं, एवढं तरी तुला माहीत हवं. तू एकटी राहतेस का आता? जेवतेस का वेळेवर? हे विचारायला मी फार उशीर केला.

आधी का सांगितलं नाही, असं तू विचारशीलच. अप्पा आठव. आपण त्यांना कधी टाकून बोललो नाही, त्यांचं औषधपाणी सगळं केलं. फक्त हळूहळू त्यांना सांगणं सोडून दिलं. एखादी गोष्ट त्यांनी विचारली, तर 'काही नाही अप्पा, असंच' म्हणायचो, कारण ओरडून सांगायचा कंटाळा यायचा. शेवटी ते जेवायच्या टेबलाशी बसून आपल्या तोंडांकडे आळीपाळीने बघायचे आणि आपण हसलो की हसायचे. मला तसं हसायचं नव्हतं. आणि बघ, मी तेच करत होते. शब्दसुद्धा त्यांचेच वापरले.

शाळेत कोणाला माहीत नाही. कळलं तर जिन्याखालचं कपाट ठरलेलं. तूही कोणाला सांगू नकोस.

ताई


१८ सप्टेंबर

धाकटे,

तुझं पार्सल ऑगस्टमध्येच पोचलं, कळवायला उशीर झाला.

शिपायाने ते वर्गातच आणून दिलं. वर तुझं ते जाडजूड अक्षर, 'फोडू नये. भिंतीपाशी ठेवावे.' मला क्षणभर कळेना. मग टाचणीने बोट दाखवलं आणि माझ्या लक्षात आलं. पार्सल, म्हणजे ई-एल. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण पोरांसमोर डोळे पुसणं बरं दिसत नाही. तू माझं जुलैचं पहिलं पत्र नीट वाचलंस, अगदी शेवटच्या अडचणीपर्यंत. आणि तेव्हा तू माझ्यावर एवढी चिडलेली होतीस.

आता कपाटाच्या भिंतीला तुझं पार्सल आहे आणि वर्गाला दुसरा विषय उरलेला नाही. आत काय आहे? एक जण म्हणतो फोडूया. बाकीचे त्याच्यावर तुटून पडतात, फोडलं तर ते पार्सल कसं राहील? हलवून बघितलं तर आत काहीतरी वाजतं म्हणे. मला अर्थात त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागला.

सहामाही झाली. परीक्षेच्या दिवशी सगळ्या वस्तू बाहेर काढून ठेवल्या होत्या, भिंती कोऱ्या. मोठ्या बाई स्वतः देखरेखीला बसल्या. पहिला शब्द घातला आणि वर्गातल्या सगळ्या माना एकदम खिडकीकडे वळल्या. दुसऱ्याला दाराकडे. मोठ्या बाई ताडकन उठल्या. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, दाराच्या मागे पाहिलं, कोणी खाणाखुणा करतंय का ते तपासलं. कोणी नव्हतं. मग पार्सल हा शब्द आला, सगळी पोरं कपाटाशेजारच्या रिकाम्या जमिनीकडे बघायला लागली आणि मोठ्या बाईंना उमगलं. पोरं जागा आठवत होती. सँडल कानाला कँडलसारखाच लागतो, पण सँडल दारापाशी असतात, त्याला कोण काय करणार?

निकाल चांगला लागला. शिवणकामवाल्या बाई पेढे खाल्ल्यासारखं तोंड करून भेटून गेल्या. आणि आता खरी पंचाईत झालीय. मोठ्या बाई इतक्या खूश आहेत, की त्यांनी आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांना बोलावलंय. सभागृहात मी मुलांना घेऊन पाठ दाखवायचा आणि नंतर प्रश्नोत्तरं. अहो काय सुचलंय तुम्हाला, म्हणाल्या, कानावर अजिबात विसंबायचं नाही, काय कल्पना आहे. मी काय सांगणार? मला सुचलं नव्हतं गं. पोरांची उत्तरं ऐकू येईनात म्हणून हात वर करायला लावले. या 'ल'पाशी सगळेच बहिरे असतात, तेव्हा मी त्यांच्यात खपून गेले, एवढंच.

पाठ मी डोळे मिटून घेईन. प्रश्नांचं काय करू? मागच्या रांगेतून कोणीतरी पुटपुटणार आणि मी म्हणणार, 'हो हो, छान.'

तू पार्सलबरोबर चिठ्ठी पाठवलीस, 'कान तपासून घे आणि शाळेत सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन.' धमकी पोचली. तपासून आले. कानांच्या डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा निम्म्या वयाच्या, समोर बसून तोंड स्वच्छ उघडून बोलतात. म्हणाल्या, यंत्राने पुष्कळ फरक पडेल, पण पहिल्यासारखं होणार नाही. माप दिलंय, यायला वेळ लागेल. पाठाच्या आधी काही येत नाही.

शाळेत सांगायचं मात्र माझ्याने होत नाही. कितीदा मोठ्या बाईंच्या दारापर्यंत गेले आणि खडू मागून परत आले. माझ्याकडे आता वर्षभराचे खडू आहेत.

ताई


९ ऑक्टोबर

धाकटे,

पाठ झाला. सगळं क्रमाने सांगते, नाहीतर तू मधलंच आधी वाचशील.

त्या सकाळी मुलांना घेऊन वस्तू सभागृहात मांडत होते. टेबल इतक्या घाईने ओढलं, की कँडल पडली. मला वाटलं, ही पोरं माझ्याबरोबर तिथे उभी राहणार आहेत, निदान त्यांना तरी खरं कळायला हवं. त्यांना जमिनीवर बसवलं आणि सांगितलं, की बाईंना नीट ऐकू येत नाही. बरेच दिवस झाले. तुम्हाला सांगायला हवं होतं.

कोणाला काही वाटलेलं दिसलं नाही. एक जण तर सँडलचा पट्टा लावत बसला होता. मग टाचणी उठली, कोपराला हात लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, आम्हाला माहीत आहे. म्हणून तर आम्ही तोंड मोठं उघडून बोलतो."

मी विचारलं, "सगळ्यांना?"

"सगळ्यांना. नवीन मुलगा आला ना, त्यालासुद्धा आम्ही पहिल्याच दिवशी शिकवलं."

माझ्या वर्गात मी कुठलं गुपित सांभाळत होते, देव जाणे. त्या चिमुरड्यांनी मला बोलण्यातून काढलं नव्हतं, धाकटे. अप्पांना आपण काढलं तसं नाही. त्यांनी आपली बोलायची रीत बदलली आणि त्याची कुठे वाच्यताही केली नाही. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

पाठ झोकात झाला. मी शब्द म्हणत होते, पोरं धावत होती, एकाची धडक सायकलला बसली आणि सभागृह हसलं. हसलेलं मला दिसलं. मग प्रश्नोत्तरं आली. मागच्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या. तोंडासमोर वही धरलेली. काहीतरी विचारलं. सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले आणि माझ्या जिभेवर अप्पांचं 'हो हो' आलं. अगदी ओठांशी आलं होतं. पहिल्या रांगेत मोठ्या बाई बसल्या होत्या आणि मला जिन्याखालचं कपाट दिसत होतं.

मी म्हणाले, "परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं, वहीआडूनच. मी पुन्हा म्हणाले, परत सांगा. तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग मी बोलून टाकलं, "मला ऐकू येत नाही. वही खाली घ्या आणि पुढे येऊन सांगा, किंवा फळ्यावर लिहा. या वर्गात परत विचारायला बंदी नाही."

माझा आवाज किती मोठा लागला कोण जाणे, पण सगळे स्तब्ध झाले. ती शांतता मला स्पष्ट कळली. मग त्या बाई, वही खाली घेऊन, पुढे आल्या आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'ज्या शब्दांची वस्तूच नसते त्यांचं काय करता?' प्रश्न चांगला होता. 'हो हो, छान' म्हटलं असतं तर वाया गेला असता. मी म्हटलं, त्या शब्दांसाठी आम्ही माणसं उभी करतो. वर्गातला सगळ्यात बुटका मुलगा लिटल म्हणून खिडकीपाशी बसतो, त्याला ते मान्य आहे. दाराच्या भिंतीला नॉर्मल म्हणून कोणी उभं राहायचं, यावर मात्र आठवडाभर भांडण चाललं आणि शेवटपर्यंत कोणी तयार झालं नाही. म्हणून ती जागा रिकामी आहे, आणि रिकाम्या जागेमुळेच सगळ्यांना ते स्पेलिंग पाठ आहे. पुन्हा सभागृह हसलं. त्यानंतर जो कोणी उठला तो पुढे आला आणि माझ्याकडे तोंड करून बोलला. एक गृहस्थ तर इतकं तोंड उघडत होते, की त्यांची दाढ भरलेली दिसली.

मोठ्या बाईंनी नंतर मला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. समोर बसल्या आणि म्हणाल्या, आधी का सांगितलं नाहीत? मी म्हटलं, वाचनालयाला घाबरले. त्या म्हणाल्या, मी शिकाऊ असताना तुमच्या वर्गात मागे बसून शुद्धलेखन लिहायचे आणि परत सांगा म्हणायची लाज वाटायची म्हणून शेजारच्या मुलीचं बघायचे. हे मला माहीतच नव्हतं. चौथीचा तास माझाच राहिला. वाचनाचा तास, जिथे मुलं पुस्तक तोंडासमोर धरून वाचतात, तो दुसऱ्या बाईंकडे गेला. मला वाईट वाटलं, पण ते बरोबर आहे. वाचनालयाची किल्ली शिपायाकडेच आहे.

आता तुझं पार्सल. पाठ संपल्यावर पोरांनी ते फोडायचा ठराव केला. टाचणीने आईची कात्री आणली होती, म्हणजे कट आधीच शिजला होता. आतून निघाल्या दोन पितळी बिजागऱ्या. पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली. मला पण आधी कळेना. मग तळाशी तुझी चिठ्ठी सापडली, 'बाथरूमचं दार आत उघडेल असं करू. सुट्टीत येतेय. सुताराला मी सांगेन, तू हो हो म्हणू नकोस.'

कितीतरी वर्षांनी मी शाळेत इतकी मोठ्याने हसले. पोरांनी विचारलं, बाई, बिजागरी कुठल्या भिंतीची? मी म्हटलं, बिजागरीची कुठलीच नाही. टाचणी म्हणाली, पण ती मेटलची आहे. म्हणून सध्या दाराच्या भिंतीला पेडलशेजारी तुझ्या बिजागऱ्या टांगल्यात. आलीस की सोडवून घेऊ.

कालच यंत्र मिळालं. डाव्या कानात आहे, लहानसं आहे. घरी आले, बाथरूमचं दार उघडलं आणि दचकले. ते करकरतं, धाकटे. फार वाईट करकरतं. कधीपासून ते मला माहीत नाही. तेलाचे दोन थेंब सोडावेत असं मनात आलं, पण सोडले नाहीत, दार उघडून मिटून बराच वेळ ऐकत बसले.

तेव्हा या रविवारी फोन कर. नेहमीच्या वेळेला. सगळं कळेल असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं नाही, फोनवर तर नाहीच. मी 'हो हो' म्हणणार नाही आणि 'छान'ही म्हणणार नाही. एप्रिलमध्ये जे सांगितलंस ते पहिल्यापासून सांग. तू कशी आहेस, कुठे राहतेस, रात्री झोप लागते का, सगळं. आणि मी मध्येच तुला थांबवून म्हणेन, परत सांग. पुन्हा म्हणेन, परत सांग. चिडायचं नाही.

तुझी
ताई